कानशीची खूण

चेअरमनसाहेबांनी फेटा माझ्या डोक्याला बांधला नाही. हातात दिला. घडी घातलेला, दुकानातनं आणलता तसाच.

कॉलेजचं गॅदरिंग होतं. त्या वर्षी संस्थेनं नवीन टूम काढलती. उत्तम काम करणाऱ्या तिघांचा सत्कार करायचा. एक प्राध्यापक, एक ऑफिसातला माणूस आणि एक शिपाई-हमालांतला. प्राध्यापकांत आमच्या केमिस्ट्रीच्या मोठ्या सरांचं नाव निघालं, ऑफिसातनं हेडक्लार्कचं आणि हमालांत माझं. मी केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत हमाल होतो. आठ वर्षं झालती.

चेअरमनसाहेब जुन्या जहागीरदार घराण्यातले. कोल्हापुरात फेटे बांधणारे गल्लोगल्ली मिळतात, पण आयता बांधलेला फेटा उचलून डोक्यावर ठेवायचा हे साहेबांना पसंत नव्हतं. सत्काराचा फेटा ते स्वतःच्या हातानं बांधायचे. त्याचं त्यांना कौतुक होतं आणि गावालाही होतं. तालमीतली माणसं नुसता तो फेटा बघायला पुढं येऊन बसायची.

मोठ्या सरांना त्यांनी खुर्चीत बसवलं. मागं उभं राहून सावकाश, एकेक पीळ देत बांधला. तुरा काढला. शेमला पाठीवर सोडला, सरांच्या खांद्यावर थाप मारली. टाळ्या. मग हेडक्लार्कना बसवलं. त्यांचं डोकं लहान, तर साहेब हसून म्हणाले, यांना कापड फार लागतंय. सगळा मांडव हसला. दोन बोटं कपाळाला लावून त्यांनी त्यांचा फेटा सारखा केला.

मग माझं नाव पुकारलं. मी पायऱ्या चढत होतो तेव्हा आमचे डेमॉन्स्ट्रेटर, म्हणजे मुलांचं प्रॅक्टिकल घेणारे सर, माझ्याबद्दल लिहून आणलेलं वाचत होते. यांच्या चोख व्यवस्थेमुळे प्रयोगशाळेत गेल्या आठ वर्षांत एकही तक्रार उद्भवली नाही. प्रत्येकाची भांडी प्रत्येकाला वेळेवर मिळतात.

प्रत्येकाची भांडी प्रत्येकाला. ऐकलं आणि मी पायरीवर थांबलो. पण मी चढलो.

खुर्चीपाशी गेलो. बस म्हणाले नाहीत, म्हणून उभाच राहिलो आणि डोकं खाली केलं. सकाळी वस्तीतल्याच एकाकडनं केस कापून घेतलते. बायकोनं डोक्याला तेल लावू दिलं नव्हतं. म्हणाली, साहेबांचा हात तेलकट व्हईल. कोरडं डोकं घेऊन मी वाकून उभा होतो. वर काहीच येईना.  मग माझ्या हातांवर वरनं कापड पडलं.

"वेळ झालाय," साहेब म्हणाले. "घरी जाऊन बांधून घे."

घे. सरांना घ्या, हेडक्लार्कना घ्या, मला घे. आणि वेळ झालाय म्हणाले ते साहेब त्यानंतर अर्धा तास बोलले. शिक्षणाचं महत्त्व, समता, नवी घटना, सगळं बोलले.

मला राग यायला पाहिजे होता. आला, पण नंतर आला. वाकलो होतो तेव्हा राग नव्हता. तेव्हा मला माझा स्वतःचा हात दिसत होता. खिडकीतनं पुढं आलेला. त्या हातात एक काचेची नळी. मी पण असंच करत आलतो. सात वर्षं. माझ्याच माणसांना.

ते आता सांगतो. सांगायला जीभ वळत नाही, पण सांगतो.

मी कॉलेजात लागलो तेव्हा कोल्हापूर अजून संस्थान होतं. मी सातवी पास. आमच्या वस्तीत सातवी म्हणजे मोठं शिक्षण. प्रयोगशाळेत बाटल्या धुणं, स्टोव्ह पेटवणं, भांडी मांडणं हे माझं काम. ज्यांनी प्रयोगशाळा बघितली नाही त्यांच्यासाठी पिपेट म्हणजे काय ते सांगतो. काचेची लांब नळी, मध्ये पोट फुगलेलं, वर मानेवर मापाची रेष. खालचं टोक औषधात बुडवायचं, वरच्या टोकाला तोंड लावून ओढायचं. पाणी रेषेच्या वर आलं की तोंड काढून बोट दाबायचं. मग हळूहळू रेषेपर्यंत आणून दुसऱ्या भांड्यात सोडायचं. तोंड लावायचं, एवढं ध्यानात ठेवा.

दुसऱ्याच वर्षी आमच्यातला एक मुलगा सायन्सला आला. होस्टेलात राहायचा. दोन महिने नीट गेले. मग एका दिवशी शिवाजी पेठेतला एक मुलगा डेमॉन्स्ट्रेटरांना म्हणाला, सर, ह्याच्या तोंडातली नळी मी तोंडात घ्यायची का? डेमॉन्स्ट्रेटर त्याला काही बोलले नाहीत. आमच्या मुलालाही काही बोलले नाहीत. प्रॅक्टिकल संपल्यावर माझ्या खोलीत आले. खोली म्हणजे भांड्यांचं कोठार, एक खिडकी, तिच्यातनं मी भांडी द्यायचो.

"तू शहाणा आहेस," म्हणाले. "तूच बघ काय करायचं ते."

बस. दुसरं एक अक्षर नाही. त्यांनी मला काही करायला सांगितलं नाही हे देवाशपथ खरं. मीच केलं. काचेच्या नळ्या कापायला आमच्याकडं तिकोनी कानस असायची. ती घेतली आणि दोन पिपेटींच्या मानेवर, रेषेच्या जरा वर, आडवा ओरखडा काढला. बारीक. बघणाऱ्याला दिसू नये, मला नखाला लागावा एवढाच. त्या दोन वेगळ्या खणात ठेवल्या. दुसऱ्या दिवसापासनं त्या मुलाला त्यातलीच एक द्यायला लागलो.

आठवड्यानं डेमॉन्स्ट्रेटर म्हणाले, शाब्बास. त्यांना कसं कळलं मला ठावं नाही. पण शाब्बास म्हटल्यावर माझी छाती फुगली, हे लपवत नाही. वर्षाच्या आत मी कायम झालो. मोठ्या सरांनी स्वतः शिफारस केली. सर तसे वाईट नव्हते. माझ्या पोराच्या पहिलीच्या पाटीला त्यांनी पैसे दिलते. आवाज चढवून कधी बोलले नाहीत.

मी माझ्या मनाला समजावलं होतं. नळी वेगळी केली म्हणून पोरगं बाकीच्यांबरोबर एका टेबलावर उभं राहतंय. नाहीतर कोपऱ्यात उभं केलं असतं. त्याला तर माहीतही नाही, मग त्याचं काय गेलं? असं मी स्वतःला दर जूनला सांगायचो. मग संस्थान गेलं. घटना आली. कॉलेजच्या फळ्यावर नोटीस लागली की शिवाशीव पाळणं गुन्हा आहे. ती नोटीस मीच खळ लावून चिकटवली. चिकटवून आत गेलो आणि खिडकीतनं खुणेची पिपेट दिली. त्याच हातानं. तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. दोनाच्या चार झाल्या, चाराच्या सात. नवीन माल आला की तो बाकीच्यांना. खुणेच्या खणात जुनाच माल.

मग इंदू आली.

आमच्यातली सायन्सला आलेली पहिली मुलगी. कागलकडच्या खेड्यातली. बाप मिलिटरीतनं पेन्शनीवर आलेला, कडक माणूस. त्याला पोरगी डॉक्टर करायचीच होती. गावानं नावं ठेवली तरी हटला नाही. मंगळवार पेठेत एका लांबच्या नात्यातल्या बाईकडं ती राहायची आणि चालत यायची. पहिल्याच दिवशी खिडकीशी आली, आमचं गाव कुठलं, कुणाचे कोण, सगळं विचारलं आणि म्हणाली, मग तुम्ही माझे मामा लागता. प्रयोगशाळेत मला सगळे नावानं हाक मारायचे. विशीतली पोरंसुद्धा अरे-तुरे करायची. मामा म्हणणारी ती एकटीच.

हुशार होती. हात तर असा स्थिर, की मोठे सर बाकीच्या मुलांना म्हणायचे, तिचं बोट बघा. रेषेवर पाणी आणून ठेवायची ते हलायचं नाही.

आणि तिला खूण सापडली. नखाला लागली असणार. दुसऱ्या महिन्यात खिडकीशी येऊन हळूच म्हणाली, "मामा, तुम्ही माझी पिपेट खूण करून वेगळी ठेवता की नाही? मला कळलंय."

 मी काही बोलायच्या आत तीच हसली. म्हणाली, बाकीच्यांना सांगणार नाही, नाहीतर म्हणतील मामा भाचीचे लाड करतोय.

तिला वाटलं मी तिच्यासाठी चांगली पिपेट निवडून ठेवतोय. मायेनं. मी हसलो. व्हय म्हणालो. अहो, मी व्हय म्हणालो! त्या एका शब्दाला क्षमा नाही. बाकी सगळ्याला एखादं वेळी असेल, पण त्या शब्दाला नाही.

दोन वर्षं ती त्याच पिपेटीवर शिकली. घरी गेली की बापाला सांगायची, कॉलेजात आपला एक मामा आहे, माझी नळी वेगळी जपून ठेवतो. सणाला तिच्या आईनं माझ्यासाठी तिळाच्या पोळ्या पाठवल्या. मी त्या खाल्ल्या.

इंटर सायन्सची, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा आली. प्रॅक्टिकलच्या दोन दिवस आधी मी भांडी धूत होतो तेव्हा तिची पिपेट हौदाच्या काठाला लागली. खालच्या टोकाचा टवका उडाला. एवढासा, तांदळाच्या कणीएवढा. पण टोक गेलं की पिपेट कामातनं गेली. बोट कितीही दाबा, थेंब धरत नाही, वाटेतच गळतो. मी ती फेकायला पाहिजे होती. खुणेच्या बाकीच्या दुसऱ्या पोरांना ठरलेल्या, ही फेकली तर दुसरी नवी घेऊन तिच्यावर खूण करावी लागणार, आणि परीक्षेच्या नव्या पिपेटी सरांनी मोजून कपाटात ठेवलत्या. म्हटलं, परीक्षेला बाहेरचे परीक्षक आहेत. पुण्याचा माणूस. तो सगळ्यांना नव्याच देईल. खुणेचा खण त्या दिवशी उघडायचाच नाही.

परीक्षक चांगला माणूस होता. टेबलावर नव्या पिपेटी मांडून म्हणाला, कुठलीही घ्या. मुलांनी घेतल्या. इंदू उठली ती टेबलाकडं गेलीच नाही. सरळ माझ्या खिडकीशी आली.

"मामा, माझी नेहमीची द्या. तिच्यावर माझा हात बसलाय."

माझ्या मागं डेमॉन्स्ट्रेटर उभे होते. काही बोलले नाहीत. ते कधीच काही बोलायचे नाहीत. नुसते बघत होते. मला म्हणता आलं असतं, पोरी, ती फुटली, आज टेबलावरची घे. पाच-सहा शब्द. तोंडापर्यंत आले. पण मागं ते उभे, आणि टेबलावरची म्हणजे पुढच्या बॅचला दुसरा कुणी तोंड लावणार ती. माझा हात खणात तिच्या ठरलेल्या जागी गेला. सवयीनं गेला म्हणू? भीतीनं गेला म्हणू? गेला. मी तिला टोक उडालेली पिपेट दिली.

टायट्रेशनमध्ये एकच मोजमाप तीनदा करायचं, तिन्ही आकडे जुळावे लागतात. तिचे जुळेनात. मी खिडकीतनं बघत होतो. ती ओढायची, बोट दाबायची, आणि फ्लास्कपर्यंत जायच्या आत थेंब पडायचा. आधी टोकाकडं बघायला पाहिजे होतं तिनं. पण जी नळी मामानं निवडून दिली तिच्यावर शंका कशी घेईल? तिनं स्वतःच्या हातावर शंका घेतली. पाच वेळा केलं, सहा वेळा केलं. घंटा झाली. बाहेर जाताना पिपेट माझ्या हातात देऊन म्हणाली, मामा, आज माझा हात थरथरत होता.

मी पिपेट घेतली. धुतली. खणात ठेवली.

लेखीत तिला चांगले मार्क पडले. प्रॅक्टिकलला गेली. प्रॅक्टिकलला गेली म्हणजे वर्ष गेलं. जूनमध्ये बाप येऊन तिचा दाखला विचारून गेला. जाताना मला भेटला, रामराम केला. म्हणाला, पावणं, तुम्ही पोरीला लई जपलंसा, पण तिच्या हातातच न्हाई ते. आता बघतो एखादं स्थळ. मी मान हलवली.

आणि पुढच्या गॅदरिंगला ह्या सगळ्याबद्दल माझा सत्कार झाला. एकही तक्रार नाही. खरंच की. तक्रार कोण करणार होतं?

तर मी तो घडी घातलेला फेटा घेऊन खाली आलो. बायको शेवटच्या रांगेत पोराला घेऊन बसलीती. तिनं माझ्या डोक्याकडं बघितलं, मग हाताकडं बघितलं. वाटेत शाहूपुरी ओलांडली. मग म्हणाली, "डोस्क्याला हात लावला न्हाई न्हवं?"

मी म्हणालो, न्हाई.

थोडं चालून म्हणाली, "मग मान कशाचा दिला? काय केलंसा तुमी त्यांच्यासाठनं?"

ती टोमणा मारत नव्हती. खरंच विचारत होती. आठ वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं, मी पण नाही. घरी जाऊन मी तिला सांगितलं. कानस, खण, सात पिपेटी, इंदू, टवका. सगळं. ती चुलीपुढं बसून ऐकत होती. भाकरी करपली तरी उलटली नाही. तिळाच्या पोळ्या आल्या तेव्हा तिनंच त्या ताटात घालून माझ्यापुढं ठेवलत्या.

"त्या पोरीला ठावं हाय?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"मग ती अजून सवताचा हात वाईट म्हणतीया." एवढंच म्हणाली आणि तवा उतरवला.  फेटा तिनं खुंटीला सुद्धा लावला नाही. कोपऱ्यात ठेवला, जमिनीवर.

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल अकराला होतं. मी साडेआठला गेलो. कोठार उघडलं. सगळ्या पिपेटी बाहेर काढल्या, नव्या, जुन्या, कपाटातल्या, खणातल्या. इंदूची टवका उडालेली बाजूला काढून खिशात ठेवली. मग कानस घेतली आणि एकेक पिपेट धरून मानेवर ओरखडा काढला. रेषेच्या जरा वर. अगदी तसाच. काचेवरची खूण पुसता येत नाही हे मला माहीत होतं. पुसायची नव्हतीच. सगळ्यांना तीच करायची होती. शेवटच्या काही राहिल्या तेव्हा हाताला फोड आलता. मग सगळ्या एकात एक मिसळल्या आणि टेबलावर मांडल्या. मलाच ओळखू येईनात. मी मुद्दाम नख लावून बघितलं. नाहीच आल्या.

अकराला मुलं आली, ज्यानं त्यानं हाताला आली ती उचलली आणि तोंडाला लावली. डेमॉन्स्ट्रेटर आले. एक पिपेट उचलून उजेडात धरली. मग दुसरी. मग तिसरी.

"हे काय केलंस?"

"सगळ्या सारख्या केल्या."

त्यांनी हातातली पिपेट टेबलावर ठेवली. काय बिघडलं ते मोठ्यानं सांगणार कसं? जी गोष्ट कधी बोललेच नाहीत ती मोडली म्हणून ओरडणार कसं? ते मोठ्या सरांकडं गेले. मला बोलावणं आलं. मी घरनं आणलेला फेटा बरोबर घेऊन गेलो.

सर खुर्चीत होते. चेहरा दुखावलेला. म्हणाले, "अरे, कालच तर तुझा सत्कार केला आम्ही."

"व्हय सर. म्हणूनच."

मी फेटा टेबलावर ठेवला. त्यावर ती टोक उडालेली पिपेट ठेवली. परीक्षेच्या दिवशी काय झालं ते सांगितलं.  मी कुणी शूर माणूस नाही. सर पिपेटीकडं बघत राहिले. मग अगदी शांतपणे म्हणाले, "पण हे तू स्वतः केलंस. आम्ही कुणी सांगितलं होतं का तुला?"

इथं मला राग आला. कालपासनं अडलेला. त्यांचे हात किती स्वच्छ! साहेबांनी डोक्याला हात लावला नाही, यांनी कानशीला हात लावला नाही. सगळं माझ्या हातानं. आणि ते खरंच होतं, हेच वाईट. आमची माणसं आमच्याच हातानं बाजूला काढली की कुणाच्या अंगावर एक शिंतोडा उडत नाही. आणि वर त्या हाताचा सत्कार.

"न्हाई सांगितलं," मी म्हणालो. "मीच केलं. म्हणून मीच लिहून देणार."

रविवारी एसटीनं इंदूच्या गावाला गेलो. ती परड्यात शेणी लावत होती. मला बघून हात धुवून आली, मामा म्हणाली, बसायला पोतं टाकलं. आईनं चहा केला. कप मला द्यायला इंदू उठेना. आई म्हणाली, ती आताशा भरलेलं काही हातात धरत न्हाई, सांडंल म्हणती.

मी चहा घेतला नाही. आधी सांगितलं. बाप उंबऱ्यात उभा राहून ऐकत होता. मी मान खाली घालून बोललो, मध्ये थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढचं सांगितलं नसतं. व्हय म्हणालो होतो तेसुद्धा सांगितलं.

 इंदूनं स्वतःचा उजवा हात वर धरला. पिपेटीवर बोट दाबतात तसा धरला आणि बघत राहिली.

"म्हणजे माझा हात बरोबर होता," ती म्हणाली.

मी रडलो. ती रडली नाही. मी पाया पडायला वाकलो तर ती मागं सरकली. म्हणाली, पाया पडू नका, त्यानं माझं वर्ष परत येत नाही. मग विचारलं, "किती जणांना दिल्या?"

मी मोजलेलं होतं. "तुझ्यासकट सतरा."

"लिहून द्या. सही करून द्या," ती म्हणाली. "आणि मग अजून सोळा घरं राहिली. तिथं जा."

मामा म्हणाली नाही.

तिथंच तिच्या वहीच्या कागदावर मी लिहिलं. तीन प्रती केल्या. एक कॉलेजला, एक परीक्षा घेणाऱ्यांना, एक तिला. बापानं कागद तीनदा वाचला, शेवटी मोठ्यानं वाचला, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा. मग बायकोला म्हणाला, त्या स्थळाच्या माणसांना येऊ नका म्हणून निरोप धाड. मला त्यानं रामराम केला नाही. मी परत निघालो तेव्हा चहा तसाच गार झालता.

कॉलेजनं माझा कागद ठेवून घेतला. त्याचं काही झालं नाही. निकाल बदलत नसतो, असं प्रिन्सिपॉलांनी सांगितलं. मला प्रयोगशाळेतनं काढून सायकल स्टँडवर घातलं. कारण लिहिलं नाही. नवीन हमाल आला. पहिल्याच दिवशी मी त्याला गाठून सांगितलं, सगळ्या पिपेटींवर खूण आहे, ती पुसत नाही, आणि तू दुसरी काढलीस तर मी गेटवर उभा राहून नाव घेऊन सांगेन.

जूनमध्ये इंदू परत आली. इंटरला, पुन्हा पहिल्यापासनं. रोज माझ्यासमोरनं आत जाते. बघते, बोलत नाही. बोलू नये. मी तिची वाट बघत नाही.

सोळांतली दहा घरं झाली. जमेल त्या रविवारी एक. एकजण शाहूपुरीत कारकून आहे, त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, मला तेव्हाच कळलं होतं, पण तुम्ही आपले म्हणून गप्प बसलो. एकानं दार लावून घेतलं. एकानं माझ्या तोंडावर थुंकल्यासारखं केलं आणि मग पाणी विचारलं. एकाच्या आईनं शिव्या घातल्या, त्या मी उंबऱ्यात उभं राहून शेवटपर्यंत ऐकल्या. प्रत्येकाला एक प्रत देतो. सहीची. म्हणतो, ठेवा, कधी उपयोगाला येईल.

सहा राहिलीत. दोघांचे पत्ते सापडत नाहीत. एक मुंबईला गिरणीत आहे म्हणतात, तिथं रजा काढून जाणार आहे. आणि नव्या वर्षाला आमचं जे कुणी पोरगं-पोरगी सायन्सला येईल, त्याची सायकल असो नसो, त्याला पहिल्या दिवशी गेटवरच थांबवून मी माझ्या तोंडानं सांगणार, मी इथं काय केलं ते. पुढच्या सत्काराला कुणाचं नाव निघतंय ते पण बघणार. त्यानं काय केलं म्हणून मान मिळतोय, हे मी मांडवात उभा राहून विचारणार आहे.